मेलचं मशिन बंद करा, जुनी वही काढा: छोट्या कारखान्याने गिऱ्हाईक कसं जोडावं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशिनशॉप आहे. तीन सीएनसी आणि एक व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी धातू कापायची यंत्रं, आणि अण्णांच्या काळातली एक जुनी लेथ, जी विकायचा विषय काढला की घरात दोन दिवस अबोला असतो. काम बहुतेक कास्टिंगचं, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडी भागांचं. आसपासच्या फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांतून, जॉब येतात, आम्ही ते मापात आणायचं मशिनिंग, म्हणजे बोअरिंग (भोक मापात आणणं), फेसिंग, ड्रिल-टॅप करून देतो.

दोन वर्षांपूर्वी तीन-चार महिने काम थंडावलं आणि मला एक भारी युक्ती सुचली. खरेदी खात्यातल्या लोकांच्या ईमेल पत्त्यांची यादी विकत घेतली, एक सॉफ्टवेअर महिन्याच्या भाड्याने घेतलं आणि पुणे, चाकण, होसूर, राजकोट अशा दोन हजार जणांवर मेलचा मारा सुरू केला. पहिला मेल, तीन दिवसांनी आठवण, आणखी पाच दिवसांनी ‘माझा आधीचा मेल पाहिलात का’. सगळं आपोआप. मी झोपलो तरी सॉफ्टवेअर जागं.

ऑर्डर एकही आली नाही. उत्तरं आली अकरा, त्यातली सात ‘पुन्हा मेल करू नका’ अशी. काही मेलमध्ये ‘प्रिय’च्या पुढे माणसाचं नाव यायच्या जागी महिरपी कंसात ‘नाव’ हाच शब्द गेला होता. त्यातला एक नेमका पोचला चौदा वर्षांपासूनच्या आमच्याच गिऱ्हाइकाला, कारण विकतच्या यादीत त्यांचाही पत्ता होता. त्यांचा फोन आला, “काय रे, माझं नाव इसरलास व्हय?” ते हसले, मीही हसलो. फोन ठेवल्यावर बराच वेळ कान गरम होते.

पुढे त्यांच्याच खरेदी खात्यातल्या साहेबांबरोबर जेवायचा योग आला. तांबड्या रश्शाची दुसरी वाटी घेत ते म्हणाले, “असे मेल रोज येतात. मी का उघडू सांगा. माल स्वस्त मिळाला तर फायदा कंपनीचा. उद्या तुमच्या मालामुळे लाईन थांबली तर मान कुणाची जाणार? माझी.”

मला धंद्यातलं जे काही उमगलं ते या एका वाक्यात आहे. नवीन व्हेंडर घेणारा माणूस स्वतःची मान पुढे करत असतो. आपण ओळखदेख नसताना मेल टाकतो तेव्हा ती मान फुकट मागतो, बदल्यात तिच्या रक्षणाला काहीच देत नाही. खाली जी कामं सांगतोय, त्यातलं प्रत्येक करताना एकच प्रश्न विचारायचा: उद्या काही बिघडलं, तर या माणसाला साहेबापुढे काय दाखवता येईल?

आधी मेलचं मशिन थांबवा

नवीन मेल थांबवणं पुरेसं नसतं. या सॉफ्टवेअरमध्ये आठवणींची रांग आधीच लावलेली असते. मी मुख्य मोहीम बंद केली आणि निवांत बसलो, तर पुढचे आठ दिवस आठवणी जातच होत्या. प्रत्येक रांग उघडून बंद करा, मग सॉफ्टवेअरला दिलेली आपल्या मेलखात्याची परवानगी काढा, आणि विकतची यादी पुसून टाका. ‘राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल’ असं म्हणू नका. त्या यादीतल्या कुणीही आपला पत्ता तुम्हाला दिलेला नाही. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदासुद्धा मुख्यतः माणसाच्या संमतीवरच उभा आहे.

खरं दुखणं मला महिन्याने कळलं. दोन जुन्या गिऱ्हाइकांनी विचारलं, “कोटेशन अजून आलं नाही?” मी तर त्याच दिवशी पाठवलेलं. ते त्यांच्या स्पॅममध्ये पडलं होतं. माऱ्यातले मेल ज्या डोमेनवरून (मेलपत्त्यातल्या ‘@’ नंतरच्या नावावरून) गेले त्याच डोमेनवरून आमची कोटेशनं आणि बिलं जातात. लोकांनी ‘स्पॅम’चं बटण दाबलं की बदनामी त्या एका मेलपुरती राहत नाही, सगळ्या डोमेनची होते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने जीमेलसाठी नियम कडक केले. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये यादीतून बाहेर पडायची सोय द्यावीच लागते, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत ठेवाव्या लागतात. म्हणजे हजारात तिघं. माझ्या दोन हजारांत सहा जणांनी चिडून बटण दाबलं असेल, तर त्या हिशेबाने मी काठावर पोचलो होतो. किती जणांनी दाबलं असेल याचा अंदाज मी करत बसत नाही.

डोमेन ठीक आहे का हे बघायला पाच मिनिटं लागतात. कंपनीच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल टाका. तो उघडून तीन टिंबांवर दाबा आणि ‘शो ओरिजिनल’ निवडा. वर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क अशा तीन ओळी दिसतील. तिन्हींपुढे ‘पास’ हवं. नसेल तर ज्याच्याकडून डोमेन घेतलं त्याला सांगा, तासाभराचं काम असतं. ‘हा मेल खरंच या कंपनीकडूनच आलाय’ एवढंच त्या तीन गोष्टी सांगतात. त्यानंतर चालू गिऱ्हाइकांना एकेक फोन करून आपला पत्ता त्यांच्या संपर्कयादीत टाकायला सांगा. ‘आमची चूक झाली’ हेही सांगा. मी सांगितलं, कुणी खाल्लं नाही.

गंमत म्हणजे हा रोग जुना आहे. ३ मे १९७८ रोजी एका संगणक कंपनीतल्या गॅरी थर्क नावाच्या माणसाने अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वजावरच्या सुमारे चारशे जणांना एकाच वेळी जाहिरातीचा मेल टाकला. पत्ते छापील डिरेक्टरीतून घेऊन हाताने टाइप केलेले. ते इतके झाले की पत्त्यांच्या जागेत मावेनात आणि खाली मजकुरात सांडले. लोक संतापले. माझ्या महिरपी कंसाचं खानदान इथवर जातं तर.

जुनी वही

नवीन गिऱ्हाईक शोधण्याआधी टॅली उघडा, नाहीतर बिलबुकं काढा. गेल्या पाच वर्षांत ज्यांना ज्यांना बिल केलं ती सगळी नावं कागदावर घ्या आणि तीन रकाने पाडा: चालू, मंदावलेली, थांबलेली. तिसरा रकाना सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात नको वाटणारा. आमच्याकडे त्यात एकोणीस नावं निघाली.

त्या प्रत्येकाला फोन करायचा. काम मागायला नव्हे. हे नीट पाळा, कारण जीभ आपोआप तिकडे वळते. मी बोलायचो ते साधारण असं: “साहेब, शिरोलीतून बोलतोय. तीन वर्षांपूर्वी आपला पंप कव्हरचा जॉब आम्ही करत होतो. आज कामासाठी फोन केलेला नाही. तो जॉब आमच्याकडून का गेला एवढंच विचारायचं होतं. खरं सांगितलंत तर उपकार होतील.” मग गप्प बसायचं. पहिलं उत्तर नेहमी गुळमुळीत येतं, ‘तसं काही नाही हो, मॅनेजमेंटचा निर्णय’. चार-पाच सेकंद शांत राहिलं की खरं बाहेर येतं.

एकाने सांगितलं ते अजून डोक्यात आहे. जुलैमधला एक लॉट गंज धरून पोचला होता. आपल्याकडचा पाऊस, मशिन केलेला ताजा फेस, आणि आमच्या पोराने अँटीरस्ट ऑइल नुसतं फडक्याने पुसल्यासारखं लावलेलं. त्यांनी तक्रार केलीच नाही. गुपचूप दुसरा व्हेंडर केला. आम्ही मात्र तीन वर्षं ‘रेट परवडला नसेल’ म्हणून स्वतःची समजूत घालत होतो. दुसऱ्या एकाचं कारण त्याहून साधं होतं: आमच्या ऑफिसात दुपारी दोन ते चार फोन उचलला जात नसे.

कारण कळलं की दुरुस्ती करा, मग त्याच माणसाला चार ओळी लिहा. आम्ही मशिन केलेले जॉब ऑइलमध्ये बुडवून, गंजरोधक पिशवीत भरून पाठवायला सुरुवात केली आणि त्या पॅकिंगचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. सोबत ‘काम द्या’ असं लिहिलं नाही. एकोणीसपैकी चौघं परत आले, त्यातले दोघं वर्षभराने. विकतच्या दोन हजारांच्या यादीने जे दिलं नाही ते एका धूळ खात पडलेल्या बिलबुकाने दिलं.

एक पान, खोटं नसलेलं

कंपनी प्रोफाइल म्हणून आमच्याकडे चोवीस पानी पीडीएफ होती. पहिल्या पानावर पिवळ्या रंगाचा रोबो वेल्डिंग करतोय असा इंटरनेटवरचा फोटो. आमच्याकडे रोबो सोडा, वेल्डिंगही होत नाही. ती फाईल मी मोडीत काढली आणि एक पान केलं.

त्या पानावर काय असावं? प्रत्येक मशिन आणि त्यावर बसणारा मोठ्यात मोठा जॉब, मिलिमीटरमध्ये. कोणतं मटेरियल चालतं. रोजच्या उत्पादनात, तिसऱ्या शिफ्टमध्येही टिकते ती टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक; एकदा कधीतरी दिवाळीत गाठलेली नव्हे. मोजमापाची साधनं आणि त्यांच्या कॅलिब्रेशनची, म्हणजे अचूकतेच्या तपासणीची, तारीख. महिन्याला किती तास मोकळे आहेत. जीएसटी आणि उद्यम नोंदणीचे क्रमांक. पत्ता, आणि ज्याचा फोन खरंच उचलला जातो त्याचं नाव.

फाउंड्रीवाल्यांचं पान थोडं वेगळं होईल. फर्नेसची क्षमता, एका नगाचं जास्तीत जास्त वजन, ग्रे आयर्न (साधं बीड) असेल तर आयएस २१० या भारतीय मानकातली आणि एसजी (जास्त चिवट बीड) असेल तर आयएस १८६५ मधली कोणती ग्रेड नियमित ओतता, स्पेक्ट्रो (धातूतले घटक तपासायचं यंत्र) स्वतःचा की बाहेरचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, एखादा नग हातात घेतला तर त्यावरून तो कोणत्या दिवशीच्या कोणत्या हीटचा (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा) हे सांगता येतं का. हीट नंबरची ही साखळी म्हणजे खरेदीवाल्याच्या मानेभोवतीचं चिलखत. काही बिघडलं तर तो साहेबाला सांगू शकतो की खराबी या एका हीटपुरती आहे, बाकी माल सुरक्षित आहे. साखळी नसेल तर त्याला सगळा साठा बाजूला काढावा लागतो.

आयएसओ ९००१ हे गुणवत्ता व्यवस्थेचं प्रमाणपत्र असेल तर मुदत तपासून लिहा. नसेल तर नाही म्हणा. ‘प्रक्रिया सुरू आहे’ ही ओळ काही प्रोफाइलमध्ये मी सहा वर्षं वाचतोय.

पानाच्या तळाला एक चौकट करा: आम्ही काय करत नाही. आमच्या चौकटीत लिहिलंय की ५०० मिलिमीटरपेक्षा मोठा जॉब, स्टेनलेस आणि ग्राइंडिंग आमच्याकडे होत नाही. अण्णा चिडले होते. “गिऱ्हाइकाला आपणच न्हाई म्हनायचं?” पण फोनवर सगळ्यात जास्त बोलणं याच चौकटीवरून होतं. जो माणूस ‘नाही’ लिहितो त्याच्या ‘हो’वर लोक विसंबतात.

फोटोंबाबत दोन गोष्टी. सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी स्वतःच्या मोबाइलने काढा, झाडून घ्या पण सजवू नका. आणि फोटोत दुसऱ्या गिऱ्हाइकाचा जॉब किंवा ड्रॉइंग दिसता कामा नये. मोठ्या कंपन्यांचे लोगो लावून ‘आमचे ग्राहक’ म्हणणारे खूप आहेत. समोरचा हुशार असेल तर मनात म्हणतो, उद्या माझाही जॉब हा असाच दुसऱ्याला दाखवणार. नाव सांगायचंच असेल तर दोन गिऱ्हाइकांना आधी विचारा, ‘तुमचा नंबर दिला तर चालेल का’, आणि कुणी मागितला तरच द्या.

हो, आणि गुगल मॅपवर आपला गेट बरोबर ठिकाणी आहे का बघा. शिरोलीत ट्रकवाला चुकीच्या गल्लीत शिरला तर मागे वळायला अर्धा तास जातो आणि शिव्या गिऱ्हाइकाच्या ऑफिसपर्यंत पोचतात.

दोन हजारांच्या जागी वीस

आता नवीन नावं. वीसच्या वर घेऊ नका, आणि प्रत्येक नावापुढे ‘यांना माझी गरज का पडेल’ याचं एक वाक्य लिहिता आलं पाहिजे. वाक्य सुचत नसेल तर नाव खोडा. माझ्या पहिल्या यादीतली तेरा नावं इथेच गेली.

अशी नावं मिळतात कुठे? ओळखीच्या माणसांकडे. साच्याचे नमुने बनवणारा आपला पॅटर्नमेकर चार फाउंड्रीत जातो. इन्सर्ट (कापायची पाती) आणि टूल विकणारा माणूस रोज दहा कारखान्यांत चहा पितो, कुणाकडे कामाचा ताण आहे हे त्याला मालकाआधी कळतं. ट्रान्सपोर्टवाल्याला कुठला माल कुठे जातो ते ठाऊक असतं. शिवाय कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची स्मॅक, गोकुळ शिरगावची गोशिमा, फाउंड्रीवाल्यांच्या आयआयएफची कोल्हापूर शाखा या कारखानदारांच्या संघटना आहेत. तिथल्या कार्यक्रमांना व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा घेऊन जाऊ नका, एखादं काम अंगावर घ्या. खुर्च्या लावणारा माणूस कार्ड वाटणाऱ्यापेक्षा जास्त लक्षात राहतो.

मी चाकणला गिऱ्हाईक शोधत होतो आणि ते रस्त्यापलीकडे होतं. समोरची फाउंड्री हाउसिंगची (यंत्राच्या कवचाची) रफ कास्टिंग पुण्याला पाठवायची, मशिनिंग तिकडे व्हायचं. मशिनिंग करताना आत ब्लो होल (ओतताना हवा अडकून राहिलेली पोकळी) निघाला की तो नग सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर परत यायचा. त्यांच्या मालकांशी बोललो, त्यांनी होकार दिला, आणि मग पुण्यातल्या कंपनीला मी हा मेल लिहिला:

‘नमस्कार साहेब, कोल्हापुरातल्या ज्या फाउंड्रीतून आपण हाउसिंगची कास्टिंग घेता, तिच्या समोर आमचं मशिनशॉप आहे. त्यांना विचारूनच आपल्याला लिहितोय. मशिनिंगमध्ये ब्लो होल निघालेला नग परत येऊन त्याच्या बदल्यात दुसरा मिळायला सध्या आठवडा जातो असं त्यांच्याकडून समजलं. मशिनिंग आमच्याकडे झालं तर तो नग त्याच दिवशी रस्ता ओलांडून परत जाईल आणि आपल्यापर्यंत फक्त चांगले नग पोचतील. ५०० मिलिमीटरपर्यंतचा जॉब आमच्याकडे बसतो, त्यापुढचा नाही. एक पान माहिती जोडली आहे. गरज नसेल तर उत्तर दिलं नाहीत तरी चालेल, मी पुन्हा आठवण करणार नाही.’

यात काय आहे ते बघा. ओळखीचा दुवा आहे आणि त्याची परवानगी आहे. त्यांचं दुखणं आहे, आमची महती नाही. मर्यादा आधीच सांगितली आहे. शेवटचा शब्द मी पाळला, आठवण केली नाही. सव्वा महिन्याने त्यांचा फोन आला. असा एक मेल लिहायला मला दोन दिवस लागतात. आठवड्याला एकच होतो. व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट करून ही मेहनत वाचवता येईल असं वाटत असेल, तर त्याने फक्त रोगाचं नाव बदलेल.

इन्क्वायरी आली तर

त्याच दिवशी उत्तर द्या, कोटेशन तयार नसलं तरी. ‘ड्रॉइंग मिळालं, गुरुवारी दुपारपर्यंत रेट देतो’ एवढं पुरे. आणि गुरुवारी दुपारी द्या.

कोटेशनमध्ये ड्रॉइंगचा नंबर आणि रिव्हिजन (ड्रॉइंगची कोणती सुधारित आवृत्ती ते) लिहा, नुसतं ‘हाउसिंग’ नको. फिक्श्चर (जॉब पकडायची चौकट) आणि गेजचा (माप तपासायच्या साधनाचा) खर्च वेगळा दाखवा. फाउंड्री असाल तर किलोचा दर पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि स्क्रॅपच्या कोणत्या तारखेच्या भावावर धरलाय ते लिहा, म्हणजे तीन महिन्यांनी दर वाढवून मागताना तुम्ही लबाड ठरत नाही. आपल्याला न जमणारं काम असेल तर तसं सांगा आणि कुणाकडे जमेल त्याचं नाव द्या. मी ग्राइंडिंगची चार कामं अशी गोकुळ शिरगावला पाठवली. त्यांच्याकडून परतून काय आलं ते मोजलेलं नाही, पण आलं.

पहिला लॉट, आणि वाईट बातमी

पहिल्या लॉटबरोबर मागितला नसला तरी तपासणीचा रिपोर्ट द्या. प्रत्यक्ष मोजलेले आकडे हवेत. सगळीकडे ‘ओके’ लिहिलेला रिपोर्ट कुणी वाचत नाही. एखादं माप सीमारेषेवर असेल तर त्याभोवती स्वतः गोल करा.

रिजेक्शन येणार. ज्याला रिजेक्शन येत नाही तो माल पाठवत नसावा. फोन आला की ‘आमच्याकडून तर बरोबरच गेला होता’ हे वाक्य गिळा. त्यांच्या लाईनवर किती नग अडकलेत ते विचारा, त्याच रात्री गाडीने आपला माणूस गेज घेऊन पाठवा आणि तिथे बसून चांगले-वाईट वेगळे करा. कारण शोधायला आठवडा लागला तरी चालतो, पण माणूस सकाळी त्यांच्या गेटवर उभा असला पाहिजे. त्या सकाळी खरेदीवाल्याला साहेबापुढे दाखवायला काहीतरी मिळतं: व्हेंडर इथे आहे.

वाईट बातमी आपण आधी सांगायची, त्यांनी विचारायच्या आत. हे मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिकलो. पंचगंगेचं पाणी चढलं, शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. पहिले दोन दिवस मी कुणालाच काही कळवलं नाही. ‘रस्ता सुरू होईल, मग सांगू’ असं धरून चाललो. तिसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने टीव्हीवर शिरोली पाहून फोन केला आणि शांतपणे विचारलं, “माझा माल पाण्यात आहे का?” माल कोरडा होता, पण ते त्यांना टीव्हीवरून कसं कळणार?

२०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तीच वेळ आली तेव्हा मी रोज सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला प्रत्येकाला संदेश पाठवत होतो: आपले किती नग तयार, किती मशिनवर, माल जमिनीपासून किती उंचावर ठेवलाय, रस्त्याची आताची स्थिती काय, पुढचा संदेश किती वाजता. काही बदल नसेल तर ‘काही बदल नाही’ असाही संदेश. त्या आठवड्यात एकही डिस्पॅच झाला नाही आणि एकही गिऱ्हाईक गेलं नाही. त्यातल्या एकाने नंतर सांगितलं की माझे संदेश तो थेट त्यांच्या प्लँट हेडला पुढे ढकलत होता. म्हणून असा संदेश लिहिताना तो तसाच्या तसा वरच्या साहेबाला पाठवता येईल का हे बघून लिहा.

हिशेबाचं थोडक्यात

मासिक रिटर्न भरत असाल तर जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) दर महिन्याच्या ११ तारखेच्या आत भरा. १४ तारखेला गिऱ्हाइकाच्या जीएसटीआर-२बीमध्ये (खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटच्या विवरणात) तुमचं बिल दिसलं नाही तर त्याचं क्रेडिट अडकतं, आणि मग खरेदीवाल्याला स्वतःच्याच अकाउंट्स खात्याची बोलणी खावी लागतात. मालाची क्वालिटी उत्तम असूनही याच एका कारणावरून व्हेंडर बदलल्याचं मी पाहिलंय. वजनावर बिल असेल तर काट्याची पावती सोबत जोडा.

दुकानदारांसाठी एक वळसा

कारखाना नसून थेट लोकांना विकत असाल तर मान ग्राहकाची स्वतःचीच असते, पण हिशेब तोच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, विजापूर, बागलकोट अशा आठ जिल्ह्यांना आहे. २०२५ मध्ये प्राडाच्या मिलानमधल्या शोनंतर जगभर चर्चा झाली आणि ‘ओरिजिनल’ अशी पाटी प्रत्येक दुकानावर आली. पाटीने कुणाची खात्री पटत नाही. कापशी (कोल्हापुरीचा एक प्रकार) चप्पल कुणी शिवली, कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं आहे का, पावसात घातली तर काय होईल, हे काउंटरवरच्या पोराला सांगता आलं पाहिजे. ‘पावसात घालू नका’ म्हणणाऱ्या दुकानात मी परत गेलोय.

गुळाचंही तसंच. पिवळाधमक रवा, म्हणजे गुळाची ढेप, पटकन विकला जातो, पण तो रंग बऱ्याचदा हायड्रॉस या रंग उजळवणाऱ्या रसायनाच्या पावडरचा असतो. माझ्या ओळखीचे एक गुऱ्हाळवाले जाहिरात करत नाहीत. हंगामात गिऱ्हाइकांना रस उकळायच्या काहिलीजवळ उभं करतात, गूळ करणाऱ्या गुळव्याशी बोलू देतात आणि गरम गुळाचा खडा हातावर ठेवतात. मुंबईतली माणसं पुढच्या वर्षी स्वतः फोन करून नंबर लावतात.

आपोआप काय चालू ठेवावं

मी सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही. माल निघाला की गाडी नंबर आणि चलनाचा फोटो आपोआप जातो, तो चालू आहे. कॅलिब्रेशनची तारीख जवळ आली की मला आठवण येते, पैसे थकले तर आमच्या अकाउंटंटला येते. नियम एवढाच की समोरच्याने ज्याची वाट पाहिली असती तेच आपोआप जावं. अनोळखी माणसाकडे जाणारा पहिला शब्द मात्र मी स्वतः टाइप करतो, चुकांसकट.

मोजायचं असेल तर तीनच आकडे भिंतीवर लावा: या महिन्यात परत आलेली जुनी गिऱ्हाइकं, कुणाच्या तरी सांगण्यावरून आलेल्या इन्क्वायरी, आणि आपण आधी कळवलेल्या वाईट बातम्या विरुद्ध त्यांनी विचारलेल्या. मेल किती गेले हा आकडा फळ्यावरून पुसा. घाई असलेल्यांना हे सगळं संथ वाटेल, आणि ते संथ आहेच. ज्यांना या महिन्याचा पगार भागवायचा आहे त्यांनी आधी ‘मंदावलेली’ रकान्यातल्या लोकांना फोन करावेत, तिथे काम लवकर निघतं.

आमच्या वीस नावांतल्या एकाकडून सातव्या महिन्यात पहिली इन्क्वायरी आली, बारा नगांची. ड्रॉइंग उघडलं तर कोपऱ्यातल्या टायटल ब्लॉकवर रिव्हिजन ‘बी’ आणि मेलमध्ये ‘सी’. पूर्वीचा मी मुकाट्याने ‘बी’वर रेट काढून मोकळा झालो असतो. फोन लावला. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला आणि साहेब म्हणाले, “थांबा थांबा, बरं झालं विचारलंत. बोअर बदललाय. नवीन पाठवतो.”